ऑस्बोर्न रेनॉल्ड्स: वाळू वाहण्याआधी फुगते, हे ओळखणारा इंजिनियर

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एक छोटं सिम्युलेशन लिहिलं होतं. एका चौकोनी डब्यात सुमारे दोन हजार गोल चकत्या, एकमेकींना खेटून भरलेल्या. डब्याचं झाकण आडवं सरकवायचं आणि आतल्या चकत्या कशा वाहतात ते बघायचं, एवढाच प्रोजेक्ट. डावीकडून बाहेर पडलेली चकती उजवीकडून आत येईल अशी सोय केली होती, म्हणजे झाकण कितीही वेळ सरकवता आलं असतं. झाकणाची उंची मात्र मी कोडमध्ये कायमची ठरवून टाकली होती. डबा म्हणजे डबा, त्याची उंची कशाला बदलेल?

प्रोग्रॅम चालवला आणि सगळं बिघडलं. चकत्या वाहिल्याच नाहीत. झाकणावरचा दाब वाढत वाढत अशक्य आकड्यांवर गेला, चकत्या एकमेकींच्या अंगात घुसल्या आणि शेवटी स्क्रीनवर स्फोट झाल्यासारख्या चहूकडे उडाल्या. मी टाइम स्टेप दहापट लहान केली. टक्कर ओळखण्याचा कोड पुन्हा लिहिला. तीन रात्री त्यात गेल्या. चौथ्या रात्री वैतागून झाकण मोकळं सोडलं, म्हणजे त्याच्यावर फक्त एक वजन ठेवलं आणि वर-खाली व्हायची मुभा दिली. झाकण साधारण दीड चकतीएवढं वर उचललं गेलं आणि आतल्या चकत्या निवांत वाहायला लागल्या.

बग कोडमध्ये नव्हता, माझ्या समजुतीत होता. घट्ट बसलेल्या दाण्यांना वाहायचं असेल तर आधी फुगावं लागतं. फुगायला जागा दिली नाही तर ते दगडासारखे वागतात. ही गोष्ट १८८५ मध्ये एका इंजिनियरने वाळू, पाणी आणि रबरी पिशवी घेऊन दाखवली होती, हे मला नंतर कळलं. त्या इंजिनियरचं नाव ऑस्बोर्न रेनॉल्ड्स. होय, मेकॅनिकलवाल्यांना फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात छळणाऱ्या ‘रेनॉल्ड्स नंबर’वाले तेच.

या माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते ती त्या नंबरसाठी नाही. त्यांना वाळूत एक खरीखुरी गोष्ट सापडली आणि मग त्यांनी तिच्यावर अख्खं विश्व उभं करायला घेतलं. त्यातलं काय टिकलं आणि काय नाही, हे बघण्यासारखं आहे.

घरात गणित, वर्कशॉपमध्ये लोखंड

रेनॉल्ड्स यांचा जन्म ऑगस्ट १८४२ मध्ये आयर्लंडमधल्या बेलफास्टचा. घराणं पाद्र्यांचं. वडिलांचं नावही ऑस्बोर्नच. ते धर्मगुरू होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, केंब्रिजला गणित शिकलेले होते आणि त्यांना यंत्रांचा नाद होता. शेतीच्या अवजारांमधल्या सुधारणांची पेटंट त्यांच्या नावावर होती. मुलगा इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या डेडम गावी वाढला आणि त्याचं सुरुवातीचं शिक्षण वडिलांच्याच हाताखाली झालं.

त्या काळात इंजिनियर व्हायचं तर कॉलेजात जाण्यापेक्षा वर्कशॉपमध्ये उमेदवारी करायची पद्धत होती. त्याप्रमाणे १८६१ मध्ये रेनॉल्ड्स स्टोनी स्ट्रॅटफर्ड इथे एडवर्ड हेज नावाच्या यंत्रकाराकडे उमेदवार म्हणून लागले. तिथे हाताला काळं लावून काम शिकताना त्यांच्या लक्षात आलं की यंत्रं का चालतात हे नीट कळायचं असेल तर गणित पाहिजे. मग ते केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८६७ मध्ये गणिताच्या परीक्षेत सातवे आले.

आपल्याकडे आधी डिग्री आणि मग इंटर्नशिप असा क्रम असतो, त्यांचा उलटा होता. त्याचा परिणाम पुढे आयुष्यभर दिसतो. त्यांचे प्रयोग बघा: बादली, नळी, पिशवी, रंग, वाळू. आणि त्याच प्रयोगांखालचं गणित असं की वाचणाऱ्याला घाम फुटावा.

मँचेस्टरचे प्राध्यापक

१८६८ मध्ये मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजने इंजिनियरिंगचं नवं प्राध्यापकपद काढलं. कापडगिरण्या आणि इंजिनांचं हे शहर, तिथल्या कारखानदारांनीच त्यासाठी पैसे उभे केले होते. निवड झाली पंचवीस वर्षांच्या रेनॉल्ड्स यांची. इंजिनियरिंगचा प्राध्यापक ही कल्पनाच तेव्हा इंग्लंडमध्ये नवी होती. पुढची ३७ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते तिथेच राहिले.

घरी मात्र सुरुवातीचा काळ कठीण गेला. १८६८ मध्येच त्यांचं लग्न झालं आणि वर्षभरात पत्नी शार्लट वारल्या. काही वर्षांनी लहान मुलगीही गेली. दुसरं लग्न त्यांनी थेट १८८१ मध्ये केलं. मधली ही बारा-तेरा वर्षं त्यांनी कामात घातली. पाऊस पडला की समुद्राच्या लाटा का शांत होतात, आवाज हवेतून जाताना का वळतो, धूमकेतूचं शेपूट कशाचं, असे नाना विषय त्यांनी हाताळले. अनेक टप्प्यांच्या पंपाचं पेटंटही याच काळातलं, १८७५ चं. १८७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

शिक्षक म्हणून ते कसे होते? त्यांचे एक विद्यार्थी होते जे. जे. थॉमसन, म्हणजे पुढे इलेक्ट्रॉन शोधणारे तेच. थॉमसन यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की सर कधीकधी तासाला यायचं विसरून जायचे, मग त्यांना बोलावून आणावं लागे. आल्यावर टेबलावरचं रँकिन यांचं पाठ्यपुस्तक उघडायचे, त्यातल्या एखाद्या सूत्रावर बोट ठेवायचे आणि हे चूक आहे म्हणून जाहीर करायचे. मग वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहायचं, स्वतःशीच बोलायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. तास संपता संपता निष्कर्ष निघायचा की रँकिन बरोबरच होते! परीक्षेच्या दृष्टीने असा तास निरुपयोगी. पण एखादा माणूस प्रत्यक्ष विचार करताना कसा दिसतो, हे त्या मुलांना बघायला मिळालं. दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचण्याआधी प्रश्न स्वतः सोडवून बघायचा, ही त्यांची सवय होती. या सवयीने त्यांना पुष्कळ दिलं, आणि शेवटी थोडं एकटंही पाडलं.

१८८३: नळीतली रंगीत रेघ

रेनॉल्ड्स यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग थोडक्यात सांगतो, कारण वाळूच्या प्रयोगाची नाळ त्याच्याशी जुळलेली आहे. पाण्याच्या टाकीत एक काचेची नळी बसवली, नळीतून पाणी सोडलं आणि पाण्याच्या मधोमध रंगाची बारीक धार सोडली. पाणी सावकाश वाहत असताना रंगाची रेघ नळीच्या टोकापर्यंत सरळ राहते. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ती थरथरते आणि मग तिचे भोवरे होऊन रंग सगळीकडे पसरतो. हा टप्पा नुसत्या वेगावर ठरत नाही. वेग, नळीचा व्यास, द्रवाची घनता आणि चिकटपणा या चौघांच्या एका गुणोत्तरावर ठरतो. त्या गुणोत्तराला रेनॉल्ड्स यांचं नाव नंतर मिळालं, १९०८ मध्ये, आर्नोल्ड सोमरफेल्ड यांच्याकडून. नळीच्या बाबतीत हा आकडा दोन हजारच्या आसपास असतो.

१८८६ मध्ये त्यांनी बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थराचं गणित मांडलं. १८९५ मध्ये खळबळत्या प्रवाहाची समीकरणं सरासरी काढून कशी लिहायची ते दाखवलं. आज विमानाच्या पंखाभोवतीचा किंवा गाडीवरचा वारा कॉम्प्युटरवर तपासणारी सॉफ्टवेअर बहुतेक वेळा हीच सरासरी वापरतात.

या सगळ्यामागे एक समान प्रश्न दिसतो. एखादी गोष्ट एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेमकी केव्हा जाते, आणि जाताना काय बदलतं? पाण्याबद्दल तो प्रश्न विचारून झाला होता. आता वाळूची पाळी होती.

१८८५: पिशवीतली वाळू

समुद्रकिनाऱ्यावर चालताना तुम्हीही हे पाहिलं असेल. लाट नुकतीच मागे गेली आहे, वाळू ओली आणि चकचकीत आहे. तुम्ही पाऊल टाकता आणि पावलाभोवतीची वाळू क्षणात कोरडी पडल्यासारखी पांढुरकी होते. पाऊल उचललं की तिथे पुन्हा पाणी दिसायला लागतं.

याचं साधं उत्तर आपण मनात देऊन टाकतो: वजनाने वाळू दबली आणि पाणी बाहेर ढकललं गेलं. पण मग पाणी वर दिसायला हवं ना? ओला स्पंज दाबला तर पाणी वर येतं. इथे उलट होतंय, पृष्ठभागावरचं पाणी आत ओढलं जातंय. म्हणजे पावलाखाली आणि आजूबाजूला वाळूच्या दाण्यांमधली मोकळी जागा वाढली आहे. दाबल्यावर वाळू फुगली आहे!

रेनॉल्ड्स यांनी किनाऱ्यावरच्या या गोष्टीचा खुलासा केला आणि त्यासाठी एक सुरेख प्रयोग रचला. पातळ रबरी पिशवीत दाणे आणि पाणी काठोकाठ भरायचं, तोंडाला काचेची नळी लावायची आणि नळीत पाणी थोडं वरपर्यंत दिसेल असं ठेवायचं. आता पिशवी दाबायची. पिशवीत नुसतं पाणी असतं तर नळीतलं पाणी वर चढलं असतं. दाणे भरलेली पिशवी दाबली की ते खाली उतरतं.

त्याचाच पुढचा भाग आणखी मजेदार. नळी बंद करून टाका, म्हणजे पिशवीला आत ओढायला जास्तीचं पाणी मिळणार नाही. आता पिशवी दाबून बघा. जी मऊ पिशवी हवी तशी वळत होती, ती टणक होते. दाण्यांना सरकायचं तर फुगावं लागेल, फुगायचं तर पाणी आत यावं लागेल आणि पाणी यायची वाट बंद आहे. पाण्याला वाट मोकळी केली की पिशवी पुन्हा मऊ.

माझ्या सिम्युलेशनमधलं घट्ट झाकण म्हणजे ही बंद नळीच होती.

या गुणधर्माला रेनॉल्ड्स यांनी नाव दिलं डायलेटन्सी. मराठीत आपण सरळ ‘फुगणं’ म्हणू. हा शोधनिबंध डिसेंबर १८८५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. फेब्रुवारी १८८६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी याचे प्रयोग श्रोत्यांसमोर करून दाखवले.

दाणे फुगतात म्हणजे नेमकं काय होतं?

दाणा स्वतः मोठा होत नाही, हे आधी लक्षात घ्या. वाढते ती दाण्यांमधली रिकामी जागा.

समजा एकाच मापाचे लाडू ताटात थराथराने रचलेत. प्रत्येक लाडू खालच्या लाडवाच्या बरोबर डोक्यावर ठेवला, तर एकूण जागेपैकी सुमारे ५२ टक्के जागा लाडवांची आणि बाकी हवा. वरचा लाडू खालच्या लाडवांमधल्या खळग्यात बसवला, म्हणजे फळवाला संत्री रचतो तसं, तर ७४ टक्के जागा भरते. एकसारख्या गोळ्यांसाठी याहून घट्ट रचना शक्य नाही. रचना न करता नुसते ओतून, हलवून, ठोकून भरले तर साधारण ६४ टक्क्यांपर्यंत जाता येतं. आपल्या घरी डब्यात तांदूळ भरताना डबा दोनदा आपटला की आणखी मूठभर मावतात, ते यामुळेच. तांदळाचा दाणा गोल नसल्याने त्याचे आकडे वेगळे, पण तत्त्व तेच.

आता खळग्यात बसलेल्या लाडवांचा वरचा थर आडवा सरकवायचा आहे. सरकायचं तर प्रत्येक लाडवाला आपल्या खळग्यातून बाहेर पडून खालच्या लाडवाच्या डोक्यावरून जावं लागेल. म्हणजे अख्खा थर आधी वर उचलला जाणार. जितकं घट्ट भरलंय तितकं जास्त उचलावं लागणार. सर्वांत घट्ट रचनेतून सर्वांत सैल चौकोनी रचनेत जाताना आकारमान जवळजवळ ४१ टक्क्यांनी वाढतं. खऱ्या वाळूत वाढ याच्या कितीतरी कमी असते, पण असते.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि घट्ट दाणे वाहायला कसे लागतात याचं बरंचसं उत्तर त्यांत आहे.

पहिली: घट्ट वाळूची ताकद दोन ठिकाणांहून येते. एक, दाण्यांचं एकमेकांवर होणारं घर्षण. दुसरी, वरचं ओझं उचलून फुगण्यासाठी लागणारा जोर. म्हणून वरून जितकं जास्त ओझं, तितकं फुगणं कठीण आणि वाळू तितकी मजबूत. कॉफीचं हवा काढून घेतलेलं पाकीट विटेसारखं टणक असतं. बाहेरची हवा त्याला चारी बाजूंनी दाबून धरते आणि आतल्या कणांना फुगू देत नाही. कात्रीने कोपरा कापला, हवा आत गेली की तीच वीट मऊ होते.

दुसरी: एकदा फुगून झालं की ताकद कमी होते. त्यामुळे घट्ट दाणे हळूहळू वाहायला लागत नाहीत. ते ताण सहन करतात, करतात आणि मग एकदम सुटतात. सुटतानाही सगळे दाणे एकत्र सुटत नाहीत. साधारण दहा दाण्यांच्या जाडीचा एक अरुंद पट्टा आधी फुगतो, तिथलीच ताकद कमी होते, म्हणून पुढचं सगळं सरकणं त्याच पट्ट्यात होतं. वाळूचा ढीग तिरपा करत गेलात तर तो ज्या कोनाला घसरायला लागतो आणि ज्या कोनाला थांबतो, त्यात काही अंशांचा फरक पडतो. सुरू व्हायला जास्त जोर, चालू राहायला कमी.

घरी करून बघा

पाण्याची मऊ प्लास्टिकची बाटली घ्या. धुतलेली वाळू गळ्यापर्यंत भरा, भरताना बाटली टेबलावर ठोकत राहा. रंगीत पाणी हळूहळू ओता, हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्या आणि पाणी वाळूच्या वर दोन बोटं दिसेल असं ठेवा. आता बाटली मधोमध दाबा. पाणी खाली जाईल. मी हे घरी करून दाखवलं तेव्हा आईने बाटली माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितली, कुठे भोक तर नाही ना म्हणून.

पाणी खाली गेलं नाही तर वाळू पुरेशी ठोकलेली नाही. सैल वाळू उलट वागते. तिच्यातले दाणे हलले की आणखी जवळ बसतात, आकारमान कमी होतं. हा फरक नुसता बाटलीपुरता नाही, पुढे त्याच्याकडे पुन्हा येऊ.

पोकळ्यांचं विश्व

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या त्या व्याख्यानाच्या शीर्षकातच रेनॉल्ड्स यांनी एक मोठी उडी मारून ठेवली होती. दाणेदार पदार्थाच्या या गुणधर्माचा गुरुत्वाकर्षणाशी संबंध असू शकेल, असं ते शीर्षक सांगत होतं.

त्या काळाचा विचार केला तर ही उडी वेडगळ नव्हती. प्रकाश ही लाट आहे, लाटेला माध्यम लागतं, म्हणून सगळं अवकाश ईथर नावाच्या पदार्थाने भरलेलं असणार, असं तेव्हाचे बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ मानत. हा ईथर प्रकाशाच्या लाटा वाहून नेण्याइतका ताठ हवा आणि ग्रहांना अडवणार नाही इतका मोकळाही हवा. हे दोन्ही एकाच पदार्थात कसं जमावं? रेनॉल्ड्स यांच्या हातात असा एक पदार्थ होता जो कधी दगड होतो आणि कधी वाहतो. त्यांनी विचार केला की ईथर म्हणजे अतिशय सूक्ष्म, एकसारख्या, कठीण दाण्यांचा घट्ट साठा असेल तर? एखाद्या वस्तूभोवती हे दाणे फुगलेल्या अवस्थेत असतील आणि दोन वस्तू जवळ आल्याने एकूण फुगणं कमी होत असेल, तर वस्तू एकमेकींकडे ओढल्या जातील. म्हणजे गुरुत्वाकर्षण!

पुढची अनेक वर्षं त्यांनी या कल्पनेला दिली. १९०२ मध्ये केंब्रिजच्या रीड व्याख्यानात त्यांनी ती मांडली आणि १९०३ मध्ये ‘द सब-मेकॅनिक्स ऑफ द युनिव्हर्स’ हा ग्रंथ छापला. त्यात दाण्याचा व्याससुद्धा काढलेला आहे. सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की या विश्वात भरीव आहे ते रिकामं अवकाश, आणि आपण ज्याला वस्तू म्हणतो ती दाण्यांच्या रचनेतली उणीव. दगड, झाड, माणूस म्हणजे घट्ट वाळूतल्या सरकणाऱ्या पोकळ्या.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसलो नाही, जरा दचकलो. कारण हे मी ओळखतो. एखादी डेटा स्ट्रक्चर किंवा एखादं डिझाइन एका प्रोजेक्टमध्ये सुंदर चालतं, आणि मग सहा महिने आपण प्रत्येक प्रश्नात तेच कोंबत बसतो. आतून ते कोंबणं वाटत नाही. सगळं जुळत चाललंय असं वाटतं. रेनॉल्ड्स तर आपल्यापेक्षा फार मोठे. त्यांचं गणितही जुळत होतं.

पण वाळूच्या पिशवीत आणि ईथरच्या दाण्यांत एक फरक होता. पिशवी कोणीही दाबून बघू शकत होतं, पाणी वर गेलं असतं तर त्यांचं म्हणणं तिथेच खोटं ठरलं असतं. ईथरच्या दाण्याला अशी नळी लावायची सोय नव्हती. दुसरीकडे, १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी पृथ्वीचा ईथरमधला वेग मोजायचा प्रयत्न केला होता आणि त्यांच्या हाती काहीच लागलं नव्हतं. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ईथरची गरजच काढून टाकली. त्याच वर्षी, तब्येत ढासळल्यामुळे, रेनॉल्ड्स निवृत्त झाले. ते सॉमरसेटमध्ये समुद्राकाठच्या वॉचेट गावी राहायला गेले आणि २१ फेब्रुवारी १९१२ रोजी तिथेच वारले. शेवटच्या वर्षांत त्यांची बुद्धी आधीसारखी साथ देत नव्हती. ज्या ग्रंथाला त्यांनी आपल्या कामाचा कळस मानलं, तो फारसा कोणी वाचला नाही.

वाळू मात्र टिकली

ईथर गेला, पण पिशवीचं काय झालं?

१९३० च्या दशकात मातीच्या बांधकामांचा अभ्यास करणारे आर्थर कासाग्रांडे यांनी दाखवलं की प्रत्येक वाळूची एक मधली घनता असते. त्याहून घट्ट वाळू सरकताना फुगते, त्याहून सैल वाळू आक्रसते. आता सैल आणि पाण्याने भरलेली वाळू डोळ्यांसमोर आणा. भूकंपाचा हादरा बसला, दाणे जवळ यायला लागले, पण मधल्या पाण्याला निघून जायला वेळच नाही. दाण्यांवरचं ओझं पाण्यावर येतं, दाणे एकमेकांना धरून ठेवत नाहीत आणि जमीन द्रवासारखी होते. १९६४ मध्ये जपानमधल्या निगाता शहरात असंच झालं. तिथल्या चारमजली इमारती फारशा न मोडता, अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या. २००१ च्या भुज भूकंपात कच्छच्या रणातही जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून वर आली. धरण किंवा बंदर बांधताना खालची वाळू आधी ठोकून घट्ट करतात, त्यामागे हाच हिशेब असतो. वाळू फुगण्याच्या बाजूला असली पाहिजे, आक्रसण्याच्या बाजूला नाही.

१९६२ मध्ये पीटर रो यांनी फुगणं आणि ताकद यांचं नातं समीकरणात बसवलं. योगायोग असा की तेही मँचेस्टर विद्यापीठातलेच. १९७९ मध्ये कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी एकेका दाण्याचा हिशेब ठेवणारी सिम्युलेशनची पद्धत मांडली, माझा प्रोजेक्ट तिचाच बाळबोध अवतार होता. १९९८ मध्ये लिऊ आणि नागेल यांनी एक व्यापक कल्पना पुढे ठेवली: वाळू, फेस, काच, या सगळ्यांचं वाहणं आणि अडकणं एकाच चौकटीत बघता येईल का? दाणे घट्ट अडकण्याच्या या अवस्थेला जॅमिंग म्हणतात आणि तिच्यावर आजही जोरात काम चालू आहे.

आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी रोबोटसाठी एक बिनबोटांचा हात बनवला. रबरी फुग्यात दळलेली कॉफी. फुगा वस्तूवर दाबायचा, मऊ कॉफी वस्तूचा आकार घेते. मग पंपाने फुग्यातली हवा ओढून घ्यायची. कॉफीला फुगायला जागा उरत नाही, ती टणक होते आणि वस्तू पकडली जाते. हवा परत सोडली की वस्तू सुटते. रबराची पिशवी, आत दाणे, मोकळं सोडलं की मऊ आणि वाट बंद केली की दगड. १८८६ मध्ये लंडनच्या श्रोत्यांनी पाहिलं ते याच तत्त्वावर चालत होतं.

माझ्या प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये मी झाकणाच्या उंचीचा आलेख दिला होता. सुरुवातीला सरळ रेघ, मग एक लहानसा चढ, मग पुन्हा सरळ. चकत्या वाहायला लागतात तो क्षण त्या चढावर आहे. परीक्षकांनी विचारलं, हा चढ कसला? या वेळी उत्तर माझ्याकडे तयार होतं.

पुढच्या वेळी किनाऱ्यावर गेलात तर लाट ओसरल्यावर ओल्या वाळूत एक पाय हळूच दाबा आणि भोवती उमटणारं कोरडं वर्तुळ बघा. मग पाय उचला आणि ठशात पाणी परत येताना बघा.